उरलेली अकरा मिनिटं

मंगळवार होता. मंगळवारी या किनाऱ्यावर
कुणी होडी लोटत नाही, समुद्राला उसंत असते,
म्हणून तोच दिवस धरून मी अक्राहून आलो
पडदा, जनरेटर आणि एका कासविणीची
अडतीस मिनिटांची गोष्ट घेऊन.

चादर दोन होड्यांच्या नाळींना बांधली.
हरमॅटनची धूळ दाताखाली कचकचत होती.
मुलं पुढे वाळूत, केंकेची पानं चाटत.
मोठी माणसं मागे, उभ्यानंच,
आपण काही बघायला आलो नाही असं दाखवत.

कासवीण माझ्या हातची.
सेकंदाला चोवीस चित्रं,
डोळ्यांतलं पाणीसुद्धा वेगळं रंगवलेलं.
जाळंवाला मात्र बारांत उरकला.
तोंडाच्या तीनच ठेवणी : मिटलेलं, उघडं, ओरडणारं.
पैसे संपत आले होते,
आणि दुष्टाला बोलायचं तरी किती असतं.

तो पडद्यावर आला तशी मुलांनी हुर्यो केली.
एक मुलगी तेवढी गप्प. अराबा, आठेक वर्षांची.
मान वळवून तिनं मला विचारलं,
जनरेटरच्या घरघरीच्या वर आवाज चढवून,
"ह्याचं घर कुठं काढलंय?"

काढलं नव्हतं.

"मग रात्री हा जातो कुठं?"

मागे कुणीतरी हसलं. तिचा बाप, कोबिना, हसला नाही.
मी म्हटलं, बघ की पुढे, कळेल.
पुढे काही कळणार नव्हतं.
पुढे तो बुडतो.

सत्ताविसाव्या मिनिटाला
कोबिना एकाएकी उजेडात घुसला,
माझ्या जाळंवाल्याएवढाच रुंद,
हात हलवत ओरडला, "विझव! विझव ते!"
वाटलं, झोंबलं याला. आता चादर फाडणार.
मी प्रोजेक्टरला पाठीशी घालून उभा राहिलो
तर त्यानं नुसतं वाळूकडे बोट केलं.

चादरीच्या काठाशी काहीतरी वळवळत होतं.
काडेपेटीएवढी काळी पिल्लं, वीस, पन्नास,
समुद्राकडे पाठ करून
माझ्या उजेडाकडे चढत होती.
वर त्यांची आई मी रंगवलेल्या चांदण्यात पोहत होती,
आणि तिला ओळखूनच ती आली असावीत
असं क्षणभर मला वाटून गेलं.
असं वाटणं हाच माझा धंदा.

"उजळ दिसेल त्याला ती समुद्र समजतात,"
कोबिना म्हणाला. "पलीकडे हॉटेलचे दिवे लागले तेव्हापासून..."
पुढचं त्यानं सोडून दिलं.

जनरेटर थांबला.
इतका अंधार की लाटाच तेवढ्या उरल्या.
"कुणी पाय हलवायचा नाही," अराबा म्हणाली,
आणि साठ मुलं जागच्या जागी थिजली.
मी मोबाइलचा दिवा लावायला गेलो,
तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

मग कुजबुज सुरू झाली :
"इथं एक." "माझ्या पावलावर आहे."
"दोन, दोन, लवकर या."
कोबिना सदरा काढून, गुडघ्यांवर रांगत,
आवाजाआवाजाकडे जात होता,
जाळ्याची गाठ चाचपावी तसा वाळू चाचपत.
सदरा भरला की पाण्यापर्यंत न्यायचा,
थोडा अलीकडेच ओतायचा.
"शेवटची चार पावलं त्यांची त्यांनी चालायची असतात."
का, ते त्याला ठाऊक नव्हतं.
त्याचा बाप असं करायचा.

मी काहीच विचारलं नव्हतं,
तरी चौथ्या खेपेला तो म्हणाला,
"अंडी खाल्लीत मी ह्यांची. एका साली मासळीच नव्हती."
आणि ओला सदरा पिळायला लागला.

उरलेली अकरा मिनिटं त्या गावानं पाहिलेली नाहीत.
कुणी मागितलीही नाहीत.

अक्राला परतल्यावर
मी जाळंवाल्याचं घर काढायला घेतलंय.
वर पत्रा, बाहेर दोरीवर सदरा,
तो वाऱ्यानं हलतो, चोवीस चित्रांत.
दार कोणत्या अंगाला, ते मात्र जमत नाही.
समुद्राकडे असेल, तर रात्री आतला दिवा बाहेर पडणार.
अराबाला विचारायला हवं.